कहरुब्याची माळ

बाबा, तुम्ही ओवलेली कहरुब्याची माळ आज माझ्या गळ्यात आहे, आणि कोणी काही म्हटलं तरी मी ती काढणार नाही. हे आधीच सांगून टाकते.

वाशीमच्या बाजारात तुम्ही मणी ओवायला बसायचात. जर्मनीकडच्या थंड समुद्रातले, झाडाच्या गोठलेल्या डिंकाचे हे पिवळे मणी मुंबईचा व्यापारी घेऊन आला, तेव्हा तुम्ही त्यातला एक धोतरावर घासून कापसाच्या तंतूवर धरलात. तंतू उडून चिकटला. "अस्सल हाय," म्हणालात, आणि माझ्या लग्नासाठी माळ केलीत. मणी एकमेकांना घासू नयेत म्हणून मधे मधे रेशमाच्या गाठी. गिऱ्हाइकाला सांगायचात तेच मलाही बजावलंत, "साबन लावू नको, अत्तर लावू नको. आचेपासून जप. अन् पेटीत कोंडू नको, अंगावरच चांगला राह्यते कहरुबा."

पुढे नवरा प्लेगात गेला, तुम्ही मला अनसिंगच्या सासरहून घरी आणलंत. आई भाकरी थापते आहे. तुम्ही माझ्यापुढे हात करता.

"काढ ते. आता तुले कायले पाह्यजे मनी?"

"पेटीत खराब होते म्हनत होते ना तुमी?"

"तोंड चालवू नको. लोकं काय म्हनतील?"

आई खाली मान घालून थापतच राहिली. माळ पत्र्याच्या पेटीत गेली आणि पेटी चुलीवरच्या फळीवर. चुलीवरच्या! साऱ्या बाजाराला अक्कल शिकवणारा माणूस, आणि स्वतःच्या लेकीची माळ आचेवर ठेवली! मला अजून राग येतो, बाबा. खूप येतो.

तुमच्यामागे किती वर्षं गेली, तरी त्या पेटीला कोणी हात लावला नव्हता. परवा मीच ती उघडली. मणी धुरकट झालेले, दोन तडकलेले, रेशीम हात लावताच तुटलं. ओल्या मऊ फडक्यानं एकेक मणी पुसला, तिळाच्या तेलाचं बोट फिरवलं. जर्मनीच्या लढाईमुळे रेशीम मिळेना, म्हणून सुताच्याच गाठी मारल्या. घातली आणि सरळ बाजारात गेले.

"काहून वो बाई, विधवा बाईच्या गळ्यात मनी?" शेजारणीनं हटकलंच.

"माह्या बापानं ओवलेत. तुमचं काय जाते?"

ती पदर ओढून पुढे गेली. तुम्हालाही मी हेच ऐकवलं असतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. आरशात माळ पाहिली तेव्हा सगळ्यात आधी ती तुम्हालाच दाखवावीशी वाटली.