सगळ्या बाटल्या टाकून दे म्हणाले

रविवार, संध्याकाळ. किन्हीराजा, घरी.

विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगशाळेतून शबानाचा फोन आला. मी वाढवत असलेल्या पेशींच्या एका बाटलीत बुरशी दिसली. एकाच बाटलीत. पण पेशी उबेत ठेवायचा इनक्युबेटर आम्हा सगळ्यांचा, आणि बुरशी पसरते. मी म्हणाले, "माझ्या सगळ्या टाकून दे."

आई भेंडी निवडत होती. "सारं काहून फेकाले लावलं वं? तुही मेहनत होती ना त्यात?"

"ठेवलं असतं त शबानाचंही गेलं असतं, आई."

घाई केली का मी? एकच तर बाटली होती. नाही, बरोबरच केलं. गोठवून ठेवलेल्या पेशी आहेत, त्यांच्यापासून पुन्हा उभं करीन. मला येतं ते.

आत्ता शबानाचा मेसेज आला: "उद्या ये. माझं काम थांबू दे, आधी दोघी मिळून तुझ्या पेशी लावू."