मेजर तालमीत असतो

मंगळवार पेठ, कोल्हापूर
३ एप्रिल १९७५

चि. बाळासो यास,

आक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व मंडळी खुशाल आहे (सर्व मंडळी म्हणजे मी, उजवा गुडघा वगळून). सौ. प्रमिलेचा खोकला गेला असावा, कारण तिच्या पत्रात या वेळी त्याचा उल्लेख नाही. नसल्यास आडुळसा द्यावा, डॉक्टर बदलत बसू नये. मुलांना दुपारी बाहेर सोडू नकोस. नागपूरचे ऊन मी फक्त नकाशावर शिकवले आहे, तेवढ्यानेही वर्ग हैराण होत असे.

तुझे पत्र पोचले. मे महिन्यात रजा काढून तू येणार आणि मेजरला घेऊन जाणार, क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर असले तरी गच्ची ऐसपैस आहे, साखळी अडकवायला भिंतीत कडी आहे, वगैरे सर्व वाचले. आनंद आहे. कुत्रा तुझा आहे. बदलीच्या गडबडीत 'चार महिने सांभाळ' म्हणून गेल्या चैत्रात तू तो माझ्या अंगणात बांधून गेलास आणि त्या चार महिन्यांचे वर्ष झाले, याबद्दलही मला काही म्हणायचे नाही. घरात कुत्रा येणार नाही ही माझी एकच अट होती. ती तू मान्य केलीस, आणि बाहेर बारमाही त्याची सोय करण्याचे मी कबूल केले. ती सोय कशी झाली ते आधी वाच, मग तिकीट काढ.

तू गेलास त्याच आठवड्यात मी नबीलाल सुताराला बोलावले. शिरोली एमआयडीसीत यंत्रे येतात त्या खोक्यांच्या फळ्या त्याने आणल्या आणि माझ्या आराखड्याप्रमाणे एक घर ठोकले. तोंड पूर्वेला, वारा यायला दोन झरोके, पाणी निथळायला उतार, वर पत्रा. एका फळीवर 'सांभाळून हाताळा' असे छापलेले होते, ती मी मुद्दाम दर्शनी लावून घेतली. मेजरने त्या घराला एक फेरी मारली, आत डोकावला, आणि शाळा तपासायला आलेले साहेब स्वच्छतागृह पाहून जसे एक शब्द न बोलता वळतात तसा वळला. मी रागावले. दुपारी रागाच्या भरात स्वतः आत हात घालून पाहिला. बाळासो, आत भाकरी टाकली असती तर फुगली असती! हात बाहेर काढून मागे पाहते तो मेजर गडग्यावरून उडी मारून पसार.

दिवेलागणीला परत आला तो पोटापासून शेपटापर्यंत तांबडा. जवळ गेले तर अंगाला वास येत होता हळदीचा, लिंबाचा, ताकाचा आणि थोडा तेलाचा. या चार वस्तू एकत्र करून कशाला चोळतात हे कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही. माझ्या डोळ्यांपुढे सरळ पातेलेच आले. (तुझा अल्सेशियन अंगाने भरलेला आहे, आणि माणसांचा काही भरवसा देता येत नाही.) दुसऱ्या दिवशी जेवण तसेच ठेवून, छत्री घेऊन मी त्याच्या मागे निघाले. तो रमतगमत गल्लीच्या टोकाला गेला आणि तालमीत शिरला.

तालमीच्या उंबऱ्याआत बायकांनी जायचे नाही असा नियम आहे. नियम मोडणारी माणसे मला आवडत नाहीत, म्हणून मी बाहेरूनच, पूर्वी मागच्या बाकापर्यंत पोचत असे त्या आवाजात, 'मेजर!' अशी हाक मारली. मेजर आला नाही. आतले सगळे पैलवान मात्र उठून उभे राहिले. मग केरबा वस्ताद कमरेला पंचा गुंडाळीत बाहेर आले.

"बाई, तुमचं कुत्रं हाय व्हय ते?"

माझे नाही, माझ्या भावाचे आहे, मी फक्त सांभाळते, असे मी स्पष्ट केले.

"मग भावाला सांगा, लई मोठं जनावर हाय त्याचं. पयल्या दिवशी काठी घिऊन हाकलाय गेलतो मी. तर ह्यो गडी सरळ आमचं थोरलं वस्ताद बसायचं त्या कोपऱ्यात जाऊन बसला. वस्तादांना जाऊन दोन वर्सं झाली. बसणं बी तसंच की, डोळं मिटून. पोरांचा डाव चुकला की एक डोळा उघडतोय बघा. आता काठी कुणी उगारायची, तुमीच सांगा!"

मी उंबऱ्यापाशी वाकून आत पाहिले. बाहेर डांबर चपलेला चिकटत होते आणि आत संध्याकाळ झाल्यासारखा गारवा होता. खणून, चाळून, त्यात हळद-लिंबू-ताक-तेल मुरवून मऊ केलेली ती तांबडी माती, आणि कोपऱ्यात तिच्यात अर्धा बुडून झोपलेला मेजर. दोन पैलवान कुस्ती खेळत होते, एकेक धान्याच्या कणगीएवढा. झटापटीत दोघे लोळत लोळत थेट त्याच्या अंगावर आले. वरच्याने खालच्याची पाठ जवळजवळ टेकवली होती. तेवढ्यात त्याचा गुडघा मेजरच्या शेपटीपाशी आला आणि त्या माणसाने हातातली कुस्ती सोडून गुडघा अलगद उचलून घेतला. खालचा निसटला. कोणी हसले नाही. उलट केरबांनी, बरोबर केलेस, अशी मान हलवली. मेजरने एक डोळा उघडला, मिटला. केरबांनी मूठभर माती आणून माझ्या हातावर ठेवली. रात्रभर रांजणाखाली असल्यासारखी ती थंड होती. पाणी उडून जाताना गारवा देऊन जाते हे मी उभी हयात फळ्यावर लिहिले, पण वैशाखातल्या दुपारी त्याचा उपयोग करून घ्यावा असे मला कधी सुचले नाही. मी आपली पंख्याखाली घामेजत पडत असे.

मग पाऊस लागला. आमचा पाऊस तुला आठवतच असेल. उंबऱ्यावर ठेवलेली चप्पल तिसऱ्या दिवशी हिरवी होते. कुत्र्याच्या घराखाली विटा घातल्या, पत्र्याला डांबर मारले, आणि मेणकापडाची चार बाह्यांची खोळ स्वतः शिवली. बाह्या बसवायला मला दोन दुपारी लागल्या, कारण मेजर मापे देताना उभा राहत नसे. खोळ घालून तो बाहेर पडला आणि खोळीशिवाय परत आला. दोन दिवसांनी पाहते तो माझी खोळ अंगात घालून मीरासाब बेकरीवाल्याची शेळी ऐटीत रस्ता ओलांडते आहे. मी जाऊन विचारले. मीरासाबची आई रोशनबी म्हणाली, "बाई, तुमच्या मेजरनंच आणून टाकली की दारात. आमच्या शेळीला कशी बेताची बसलीया बघा! तुमी मापं तिचीच घेतलीसा काय?"

तेव्हा कळले की तालमीची माती दमट होऊ लागण्याच्या आधीच या गृहस्थाने मुक्काम हलवला होता. बेकरीच्या भट्टीची मागची भिंत बोळात उघडी आहे, वर कौलांची रुंद पडवी आहे. बाहेर पाऊस कोसळत असताना तो त्या भिंतीला पाठ लावून, कोरडाठाक, समोर तुटके टोस्ट मांडून बसलेला मी पाहिला. माझ्या घरी सतरंजीसुद्धा वाळत नव्हती. (पुढे ती मी रोशनबीच्या परवानगीने त्याच भिंतीला लावून वाळवली. मेजरने थोडी जागा दिली.) नबीलालने केलेल्या घरात रोशनबीची कोंबडी अंड्यांवर बसली, फळीवरची सूचना तिला तरी लागू पडली.

थंडीत तो घरी राहिला. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे मी मुलींना मेणबत्ती आणि चेंडू घेऊन समजावीत असे, तरी दर वर्षी निम्म्या मुलींना ते समजत नसे. हा ते झोपून दाखवतो. सकाळी तुळशीपाशी, मग धुण्याच्या दगडावर, मग चिंचेच्या पलीकडे. ऊन सरकले की हा सरकणार, आणि सावली याच्या नाकाला कधी शिवणार नाही. सूर्य मावळला की परसात बंबाच्या राखेजवळ. (हल्ली मी संध्याकाळीही बंबात दोन गोवऱ्या जास्त टाकते. भांड्यांना राख लागते, म्हणून.) आणि परवा वळवाच्या गारा पडल्या, लिंबाएवढ्या. त्या वेळी तो स्वयंपाकघराच्या दारात होता. घरात नव्हता. शेपूट बाहेर होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता सांग, तुझ्या गच्चीत काय आहे? सिमेंट आहे आणि कडी आहे. हा प्राणी आजवर स्वतःच्या पायांनी जागा शोधत आला, म्हणून ऊन, पाऊस, थंडी सगळ्यांतून धडधाकट निघाला. साखळीच्या चार हातांत तो काय शोधणार? नागपूरच्या मे महिन्यात त्या सिमेंटवर त्याचे काय होईल, ते मला लिहवत नाही. विचार कर.

माझे म्हणशील तर माझी काहीच हरकत नाही. मला प्राण्यांची आवड नाही. पण तालमीची हरकत आहे आणि ती फार सक्त आहे. उन्हाळा लागल्यापासून मेजर पुन्हा थोरल्या वस्तादांच्या कोपऱ्यात बसू लागला आहे आणि कुस्त्यांचे मैदान जवळ आले आहे. केरबा आणि सगळे पैलवान त्याला गावाबाहेर जाऊ देणार नाहीत. एवढ्या मोठ्या माणसांशी मी एकटी बाई काय वाद घालणार? तेव्हा तू रजा दुसऱ्या कामाला ठेव. प्रमिलेला व मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आक्का

ता. क. केरबांना परस्पर पत्र घालून विचारू नये. ते टपालाला उत्तर देत नाहीत.

ता. क. मुलांना सुटीत जरूर पाठव. मेजर त्यांना ओळखील. साखळी मात्र तिकडेच राहू दे.

ता. क. पाकीट चिकटवणार तोच केरबा वस्ताद दारात आले. "बाई, पावणं कधी येनार? कुत्र्याला न्हाऊ घालून ठेवतो की. स्टेशनावर बी मी सोडतो. तेचं घर हाय तिकडं, तेला जायाला नको कोन म्हनंल?" असे म्हणाले. मी त्यांना सांगितले की तू येण्याचा बेत रद्द केला आहेस. मी खोटे बोलत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तेव्हा हे पत्र मिळताच बेत रद्द करून उलट टपाली कळव, म्हणजे मी बोलले ते खरे होईल.