तुम्ही मला पुढं का केलंत

साहेब, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलताना मी अजून शब्द जपूनच वापरते. दुग्धशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला इंटर्नशिपसाठी मी तुमच्या सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर आले, ते दुष्काळाचं वर्ष होतं. केंद्राचे प्रमुख तुम्ही. मला प्रयोगशाळेतलं काम शिकायचं होतं आणि तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात तिथून उठवलंत. आज कॅन धुणाऱ्यांपाशी थांब, उद्या टँकरबरोबर कडा गावाला जा, परवा चारा छावणीत संघाचं पशुखाद्य वाटायला जा. "साहेब, मला दूध तपासायला कामून देत न्हाईत?" असं मी एकदा विचारलं, तर तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "नोकरीत कोन विचारतंय तुला काय येतं? सांगितलं ते जमलं पायजे." मला वाटलं, प्रयोगशाळेतली जागा तुम्ही आपल्या कुणासाठी तरी राखून ठेवलीय. मग वाटलं, तिथं मी बघू नये असं काहीतरी चाललंय.

छावणीत एका गायीच्या कासेवर हात ठेवून एक बाई सांगते, "दूध कुठलं आलंय? आमच्या गावच्या समद्या गाई आटल्यात. च्यापुरतं बी इकत आनतो." मी तिच्या गावाचं नाव विचारून घेते. त्या गावची दूध संस्था संघाच्या एका संचालकांच्या ताब्यात, आणि त्यांचे काठोकाठ भरलेले कॅन रोज सकाळी उतरताना मी स्वतः पाहिले होते. परत येऊन हे तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही आधी उठून दार लावलंत. "कुनाला बोललीस?" म्हणालात. मी न्हाई म्हटलं. "मग बोलू नको." त्या क्षणी माझी खात्री झाली की तुम्हीही त्यांच्यातलेच.

दुसऱ्या सकाळी त्या संस्थेचे कॅन घेऊन संचालकांचा पुतण्या आला. तुम्ही त्यातलं दूध काढून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "आज तू तपास." मी ते उकळलं, गार केलं, आयोडीनचे थेंब टाकले. दूध निळं झालं. पाणी लपवायला पीठ कालवलं होतं. पुतण्या हसला. "साहेब, शिकाऊ पोरीच्या हाताचा काय भरोसा?" तुम्ही मागं कपाटाला टेकून उभे होतात. तिथूनच म्हणालात, "पोरी, काय निघालं ते मोठ्यानं सांग." "पीठ निघालंय. हे दूध घेता येणार न्हाई," मी म्हटलं. त्यानं तुमच्याकडं पाहिलं आणि तुम्ही म्हणालात, "ऐकलं ना? तिनं तपासलंय. परत न्या." ते 'तिनं' माझ्या कानात रुतून बसलं.

पुढं सगळं भराभर झालं. संचालकांच्या सांगण्यावरून आमच्या घरचं दूध आमच्या गावच्या संस्थेनं घ्यायचं बंद केलं. वडील सायकलला किटल्या लावून चौसाळ्याच्या हॉटेलांत दूध घालू लागले. तुमची आडबाजूच्या केंद्रावर बदली झाली. जाताना माझ्या प्रमाणपत्रावर तुम्ही लिहिलंत, "कोणत्याही कामाशी जुळवून घेते." त्या वाक्याचा मला राग यायचा. शिकाऊ पोरगी, महिन्याभरात निघून जाईल, तिचं कोण काय वाकडं करणार, असा विचार करून तुम्ही मला पुढं ढकललंत, असंच मी धरून चालले होते. शिकवायचं म्हणून केलंत, असंही कधीतरी मनात यायचं. ते फार वेळ टिकायचं नाही.

तुम्ही वारल्याचं कळल्यावर मी नेकनूरला तुमच्या घरी आले होते. तुमच्या पत्नींनी चहा दिला. "तुमीच का त्या? लई नाव काढायचे तुमचं. म्हनायचे, त्या दिवशी माझी जीभच उचलंना. पोरगी बोलली म्हनून मला 'परत न्या' म्हनता आलं." तुम्हाला भीती वाटली असेल, हे एवढ्या वर्षांत माझ्या मनातच आलं नव्हतं. आणि तरी परतीच्या एसटीत मी विचार करत होते की पोरीला ढाल केलं हे लपवायला बायकोला माणूस असंच सांगणार.

आता माझ्या केंद्रावर विद्यापीठातली मुलं-मुली इंटर्नशिपला येतात. त्यांना मी कामं बदलून देते, आणि तीही माझ्याकडं संशयानं बघतात. पहिल्या दिवशी मी त्यांना तुमची गोष्ट सांगते. त्या गोष्टीत तुम्ही ताठ उभे असता आणि मला मुद्दाम तयार करत असता. कपाटाला टेकलेले साहेब मी कुणाला सांगितलेले नाहीत. खरं सांगायचं तर, बैठकीत कुणी एकाएकी माझं नाव घेऊन "मॅडम, तुम्ही बोला" म्हटलं, की मी अजूनही आधी निसटायला दार कुठं आहे ते बघून घेते.