दीपमाला हजर

पेठ, १० नोव्हेंबर
ती. दादास, सप्रेम जयभीम, वि.वि.
इथे सगळे बरे. शाळेत रेंज नाही, रोजची ऑनलाइन हजेरी पाठवायला टेकडी चढते. तिथेही बोलण्याइतकी रेंज टिकत नाही, म्हणून फोन नाही, हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देते. नणंद बारीक झाली असं वहिनी म्हणाली, तर तो त्या टेकडीचा प्रताप.
एकवीसला मूल्यांकनाची समिती येतेय. हजेरी पडली की श्रेणी पडणार, मग आमची शाळा दरीपलीकडच्या शाळेत विलीन करतील. एवढीएवढी पोरं दरी ओलांडणार आहेत होय? त्यात निम्मी घरं ओझरकडे द्राक्षबागांत गेलीत. पुंजाभाऊंची दीपमालाही गेली. सगळ्यांना हजर लावतेय. दुसरं काय करू, सांग.
माया असू दे.
अंजली

ओझर, १४ नोव्हेंबर
चि. अंजूस जयभीम आणि अ.आ.
अगं, तुझी दीपमाला काल माझ्याच वर्गात येऊन उभी राहिली! पाढे खणखणीत म्हणते, बोलते मात्र तुझ्यासारखी नाकात. नाव घालायला गेलो तर ऑनलाइन ती रोज पेठला हजर! आमच्या मुख्याध्यापिका विमलाबाई म्हणाल्या, नावाशिवाय पोरगी वर्गात नको, काही झालं तर निस्तरायचं कुणी?
ती गाव सोडून आलीय असं तुझ्या सहीचं स्थलांतराचं हमीकार्ड पाठव, लगेच दाखल करतो. उशीर करू नकोस, शाळा नसली की ती आईबरोबर बागेत जाते.
तुझा दादा, संघर्ष

पेठ, १७ नोव्हेंबर
ती. दादास जयभीम, वि.वि.
एकीला कार्ड दिलं की बाकीच्यांचंही उघडं पडेल रे. समिती जाऊ दे, दुसऱ्याच दिवशी पाठवते. तोवर विमलाबाईंना गोड बोलून पटव, तुला ते छान जमतं.
तुझी अंजू

ओझर, २५ नोव्हेंबर
अंजू,
काल दुपारी दीपमाला बागेतल्या शेततळ्यात पडली. प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरला नाही, वर येता आलं नाही. गेली गं पोरगी.
पोलीस यायच्या आत मालकानं तिला गाडीत घालून लांब पेठच्या वाटेवरच्या दवाखान्यात नेलं. आता म्हणतो, माझ्या तळ्यात कुणी पडलंच नाही, ती तर पेठला शाळेत होती. फौजदारांनी पाहिलं, तर कालही तू तिला हजर लावलेली. पुंजाभाऊ खोटे ठरलेत. मला एवढंच विचारतात, बाई खरं सांगतील ना?
संघर्ष

पेठ, २६ नोव्हेंबर
ती. दादास,
शाळेला ‘अ’ श्रेणी मिळाली. पोरांनी फळा सजवलाय. समिती गेली आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारीच कार्ड लिहिलं होतं रे. कंडक्टर रजेवर होता, म्हटलं दोन दिवसांनी काय बिघडतंय. पर्समध्येच राहिलं.
आज टेकडीवर दीपमालाला पहिल्यांदा गैरहजर लावलं आणि तिथंच बसून रडले.
उद्या पहिल्या एसटीने येते, फौजदारांना सगळं लिहून देते. नोकरी जाईल, शाळाही जाईल. पण पुंजाभाऊंसमोर माझ्याबरोबर उभा राहा, एकटीला जमणार नाही.
तुझा लोभ उरलाय का, ते भेटल्यावर सांग.
अंजली