चिंचेनं घासलेली अशरफी

बुधवार, संध्याकाळ. अंबड.

आईनं माझी निजामाची अशरफी समईसंगं चिंचेनं घासली! लक्ष्मीपूजनात मांडायची म्हणून. ऑफिसातून आलो तर म्हणते, "बघ, कशी चमकून राह्यली!"

जालन्याच्या नाणेवाल्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, "साहेब, जुनी झाक गेली. आता जुन्या नाण्याचा न्हाई, फक्त सोन्याचा भाव."

इतकी वर्षं पाचही अशरफ्या नुसत्या कडेनं धरून जपल्या, अन् आता हिची ही चमक! बोलायला तोंड उघडलं होतं. पण आईची बोटं चिंचेच्या पाण्यानं पार सुरकुतली होती.

ठरलं. ही विकायची न्हाई. दरवर्षी पूजेला हीच. आईला किमतीचं कधीच सांगायचं न्हाई.

हे लिहून राह्यलो तर आतून आवाज आला, "बाकीच्या चार कुठायत रे? चिंच उरलीय."

उद्या बँक उघडताच लॉकर घ्यायचं. बिलकुल.