नाव काढायचंच

१८ मार्च
ठरलं. यंदा त्या कॉन्फरन्सला आपला पेपर लागलाच पाहिजे. मल्टिमीडिया कम्प्युटिंगमधली सगळ्यात मोठी कॉन्फरन्स. दरवर्षी भरते आणि दरवर्षी मला नाकारते. यंदा युरोपात आहे.
कारण: काल गावी, सायखेड्याला गेलो होतो. आमचे वडील, नाना, ओट्यावर बसून चार लोकांत म्हणाले, "आमचा गोरक्ष लय शिकला. पर नाव नाय काढलं अजून." लोक हसले. चुलतभाऊ मयूर जरा जास्तच हसला. फ्लेक्सचं दुकान चालवतो आणि प्रोफेसरला हसतो.
संकल्प: नाव काढायचं. जोडसंकल्प: चिडायचं नाही. बीपी.

२२ मार्च
चिडलो.
हर्षाली केबिनमध्ये आली. आमच्याच डिपार्टमेंटला शिकवते, पीएचडी माझ्या हाताखाली. पिंपळगावची आहे. कांदा लिलावाचा प्रोजेक्ट आम्हा दोघांचा. कॅमेरा कांदा बघतो, माइक बोली ऐकतो, कम्प्युटर भाव आपोआप नोंदवतो. हिवाळाभर मार्केटमध्ये उभं राहून रेकॉर्डिंग तिने केलं. मी गाडीत बसून मार्गदर्शन केलं. काच खाली करून.
म्हणाली, "सर, नाव काढावं लागेल."
म्हटलं, अगं, त्यासाठीच तर चाललंय सगळं.
"तसं नाही सर. पेपरवरून काढावं लागेल. तुमचं, माझं, कॉलेजचं."
नियम आहे म्हणे. डबल ब्लाइंड. लिहिणारा कोण हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही, आणि तपासणारा कोण हे लिहिणाऱ्याला. म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. आधी नाव काढायला लावायचं आणि मग नावं ठेवायची. वा रे न्याय.

२३ मार्च
अजून चिडलेलोच. सविताला सांगितलं. ती म्हणाली, बारशाला नावासाठी घरात भांडणं होतात हे माहीत होतं, पन्नाशीत होतात हे आज कळलं. बायकोला संशोधनातलं सांगू नये.

२ एप्रिल
हर्षालीने पेपर साफ केला. वरचं नाव गेलं. कॉलेज गेलं, त्या जागी 'एक संस्था'. आभारात मी नानांचं नाव घातलं होतं, तेही गेलं. भाताचं रोप उपटावं तसं उपटलंय.
नियम दोनदा वाचला. सगळीकडे 'पेपर' असा शब्द आहे. सोबत पाठवायचा डेमो व्हिडिओ म्हणजे काही पेपर नव्हे. मल्टिमीडियावाल्यांना एवढा फरक कळायला हवा. असल्या फटी शोधायला अनुभव लागतो. हर्षालीला सांगितलं, व्हिडिओ मी स्वतः बघतो, तू दमलीस.

४ एप्रिल
व्हिडिओ झाला. सुरुवातीला माझा आवाज: नमस्कार, मी प्राध्यापक गोरक्ष रावजी खालकर. मग खाली कोपऱ्यात शेवटपर्यंत नाव, सोनेरी अक्षरात. कांद्यावर उठून दिसतं.

५ एप्रिल
हर्षालीने आणखी एक पेपर काढला. त्याच कॉन्फरन्सच्या एका छोट्या वर्कशॉपसाठी. फक्त आवाजावर, चार पानी. लिलावाच्या गलक्यातून पुकारणाऱ्याचा आवाज वेगळा कसा करायचा, एवढंच. सिस्टिममध्ये लेखक म्हणून दोघांची नावं भरू का, विचारत होती. ती नावं फक्त आयोजकांना दिसतात.
असल्या चिल्लर पेपरला मी नाव द्यायचं? एक तर नाव झाकून पाठवायचं, वर चार पानं. म्हटलं, माझं नाव काढून टाक.
संध्याकाळी तिचा मेल: "सर, नक्की काढू? नंतर घालता येत नाही." एका शब्दात उत्तर दिलं. काढ. ठाम माणसाला जास्त शब्द लागत नाहीत.

११ एप्रिल
मोठा पेपर गेला. व्हिडिओ स्वतः अपलोड केला. मयूरला फोन करून फ्लेक्सची ऑर्डर दिली. 'सायखेड्याचे सुपुत्र, आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ', खाली माझा कोट घातलेला फोटो. तो म्हणाला, रिझल्ट लागू दे की. म्हटलं, तू छाप.

९ मे
नाकारला. वाचलाच नाही. व्हिडिओत लेखकाची ओळख उघड झाल्याने तपासणीलाच घेतला नाही म्हणे. पत्राची सुरुवात 'डिअर ऑथर'. अरे, ओळख उघड झाली ना? मग हाकलताना तरी नावाने हाकला.
हर्षालीने व्हिडिओ पाहिला. लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "सर, माझा पण हिवाळा गेला ना यात."
बरोबर आहे तिचं. तिच्याही वतीने मी आयोजकांना खरमरीत मेल टाकला. सोबत माझा बायोडेटा.

१४ मे
उत्तर आलं. ऑटोमॅटिक. डिअर ऑथर.

७ जून
सायखेड्याला गेलो. नानांनी माझा फ्लेक्स कांद्याच्या चाळीवर टाकलाय. पाऊस तोंडावर आला म्हणे. छपाईची बाजू आत. आता माझा चेहरा कांदे बघतायत. मयूर म्हणाला, माल चांगला आहे, फाटायचा नाही. मी जेवलो नाही. मग सविता रागावली म्हणून जेवलो.

१० जुलै
हर्षालीचा चार पानी पेपर लागला. तपासणाऱ्यांनी कौतुक केलंय. तिला युरोपात बोलायला बोलावलंय.
पेपर लागला की नावं परत छापतात, हे मला कुणी नीट समजावलं नव्हतं. म्हटलं, आता माझं घाल. तिने माझ्यासमोर आयोजकांना मेल केला, चांगल्या शब्दांत. उत्तर लगेच आलं, या वेळी माणसाचं. पाठवताना नसलेलं नाव नंतर घालता येत नाही.
मग तिने माझाच मेल उघडून दाखवला. काढ. मराठीत एवढा छोटा शब्द असायलाच नको होता.
म्हणाली, आभारात घालते सर. घातलं. मार्केटमधले चहावाले आणि लिलाव पुकारणारे नाथा यांच्या मध्ये. चहावाल्याचं नाव माझ्याआधी. चिडलो. मग कुणावर चिडायचं ते सापडेना, म्हणून शिपायावर चिडलो.

१७ ऑगस्ट
पिंपळगावात हर्षालीचा मोठा फ्लेक्स लागलाय. 'गावाचं नाव काढलं'. छापला मयूरने. मेल्याने मला फोटो पाठवला.
दुपारी नानांचा फोन. कांदा विकायला गेले होते, तिथे वाचलं.
"पिंपळगावच्या पोरीनं नाव काढलं म्हणत्यात. तुझ्याच कॉलेजातली हाय ना? वळखतो का तू?"
म्हटलं, ओळखतो.
"कोणाचं नाव काढलं रे तिनं? गावाचं का कॉलेजचं?"
"माझं," म्हटलं.
 नाना म्हणाले, शिकवणाऱ्याचं नाव काढलं पोरीनं, लय चांगलं झालं. चाळीवरचा फ्लेक्स धुऊन चौकात लावायला सांगतो मयूरला.
एवढं खूश झालेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, आणि नुसतं बरं म्हणालो.