बिनअर्जाचा होमगार्ड

३ जानेवारी
होमगार्ड पथकाचा इतिहास मीच लिहायचा! सव्वीस जानेवारीला पुस्तिका निघणार. पथकात बी.ए. झालेली मी एकटीच, म्हणून. घरी सांगितलं तर आज्जांनी पंच्याहत्तराव्या वर्षी उठून सॅल्यूट ठोकला. "माझं नाव घाल बग, प्रियंका. गुंडेराव टेलर, अकरा वर्षं सेवा." डोळे भरले होते. घालणार म्हणजे घालणारच.

६ जानेवारी
जुनी हजेरीबुकं चाळली. १९८१ वाळवीनं खाल्लंय. बाकी इतिहास असा — मंत्री येणार म्हणून पथक दोन दिवस रस्त्यावर उभं राहिलं, मंत्री बिदरहूनच परत गेले. एकदा पुरात लोकांना वाचवायला गेलं, तर स्वतःच अडकलं, लोकांनी सोडवलं. हे छापायचं कसं?
आज्जांचं नाव कुठंच नाही.

७ जानेवारी
पुन्हा पाहिलं. नाहीच.

११ जानेवारी
गुरुशांतप्पा अण्णांकडे गेले. तेव्हाचे पथकप्रमुख, आता पंच्याऐंशीचे. पोट धरून हसले. "तुझा आज्जा भरती कुठं झालता, अक्का? आमचे ड्रेस शिवायचा. उरल्या खाकीत सोताचाबी शिवला आन् आला परेडला. अकरा वर्षं आला."
"मग घालवलं कामून न्हाई?"
"कोण घालवणार? कवायत त्योच घ्यायलता."
१९७६ चा फोटो दिला. टोकाला आज्जा, सगळ्यांपेक्षा वीतभर वर. "त्याला बघूनच रांग लावायचो आमी."
म्हणजे या स्वयंसेवकांच्या दलात कुणी न बोलावता, आपल्या मनानं आलेला माणूस एकच, आणि तोच दलात नव्हता. घरी येईपर्यंत मला हसू आवरत नव्हतं.

१२ जानेवारी
संध्याकाळी आज्जा बुद्धविहारातून आल्यावर त्यांना चिडवलं. "नुस्ती परेड करायलता व्हय? अर्ज कामून केला न्हाई?"
ते कैची घेऊन मशीनवर बसले. समोर कापड नव्हतं. उगाच बोलले मी.

१३ जानेवारी
सकाळी आज्जांनी मशीनचा खण उघडून तीन अर्ज माझ्या हातात दिले. १९७३, ७४, ७५. तिन्ही परत आलेले. तिन्हींवर शेरा एकच — "उंची कमी." खाली सही गुरुशांतप्पांची.
फोटो पहिल्या पानावर घेते. खाली आज्जांचं नाव, आणि शेरा सहीसकट, जसाच्या तसा.